बिब्याच्या झाडाला टांगलेला मी

बिबे फोडता फोडता मी हाताचं तेल पुसलं आणि मोबाइलला हात लावला.

खरं म्हणजे लेख इथंच संपतो. अकोल्या-अमरावतीकडचा वाचक एव्हाना "अरे बाप्पा" म्हणून पान उलटून राशिभविष्याकडे गेलाही असेल. पण हा अंक पुण्या-मुंबईकडेही जातो, असं संपादक म्हणतात. तिकडच्या मंडळींना बिबा म्हणजे काय, हाताला तेल का लावायचं आणि ते मध्येच पुसणारा माणूस केवढा गाढव असला पाहिजे, हे मुळापासून सांगावं लागेल. सांगतो.

अमरावतीच्या 'गावरान झाडं मंडळा'त मी बावीस वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी निवृत्त झालो. कागदावर माझा हुद्दा रोपवाटिका व्यवस्थापक असा होता. प्रत्यक्षात मी माळी, जीपचा ड्रायव्हर, पिशव्यांत माती भरणारा, रानातून बी वेचणारा आणि पाहुणे वक्ते ऐनवेळी आले नाहीत तर वक्ता होतो. यातलं शेवटचं काम मला मनापासून आवडायचं. माझं भाषण एकदा सुरू झालं की चाळीस मिनिटं मागं वळून पाहत नसे. म्हणूनच ते काम मला सहसा कोणी देत नसे.

मंडळाचं काम तसं साधं. या मातीत कोणी न लावता वाढणारी झाडं, म्हणजे पळस, मोह, धावडा, सालई, हिवर, बिबा वगैरे. त्यांचं बी आणायचं, रोपं करायची आणि ती लोकांच्या गळ्यात बांधायची. परदेशी झाडांशी आमचं उघड वैर. मंडळाच्या घटनेतच कलम होतं की आवारात परदेशी झाड असणार नाही. आता आवार भाड्याचं, आणि त्यात सावली देणारं झाड एकच, तेही परदेशी गुलमोहराचं. वार्षिक सभा त्याच्याच सावलीत बसायची आणि गुलमोहराचा निषेध करून उठायची.

अध्यक्ष तायडे मॅडम. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, माहेर-सासर दोन्ही अकोला. एरवी त्या छापील मराठी बोलत आणि रागावल्या की वऱ्हाडी. माझ्याशी त्या बावीस वर्षं बहुतेक वऱ्हाडीच बोलल्या. त्याला मीच जबाबदार आहे. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला बाभळीचं बी तयार करायला सांगितलं. या बियांचं कवच इतकं टणक असतं की नुसतं मातीत टाकलं तर ते वर्षभर झोपा काढतं. म्हणून पाणी उकळायचं, भांडं खाली उतरवायचं आणि मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. मी बी टाकलं आणि मग पाणी उकळलं. चांगलं तासभर. सकाळी मॅडमनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"गुल्हाने," त्या म्हणाल्या, "आता फोडनी बी देऊन टाका. कांदा चिरून देऊ काय?"

गिऱ्हाइकंही एकेक नग. वरूडचे एक संत्रेवाले दरवर्षी येत आणि "बांधावर लावाले गावरान झाड द्या, पन त्याची सावली संत्र्यावर नाई पडली पायजे" अशी अट घालत. सावली न पाडणारं झाड मी त्यांच्यासाठी अजून शोधतोय. अकोल्याच्या एका बाईंना अंगणात कचरा नको म्हणून पानं न गाळणारं झाड हवं होतं. आणि एक गृहस्थ सहा महिन्यांनी पळसाचं रोप परत घेऊन आले, "हे वाढतच नाही" म्हणून. रोप प्लास्टिकच्या पिशवीसकट लावलं होतं. "पिशवी काढायची होती हे सांगतलं कोनं?" असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं. मी त्यांना पळसाचं माहात्म्य चाळीस मिनिटं सांगितलं होतं, पिशवीचं तेवढं राहून गेलं.

आता बिबा.

बिब्याचं फळ गमतीदार असतं. वर केशरी, गोडसर बोंड आणि त्याला लटकलेलं काळं, चकचकीत, बदामाएवढं बी. त्या बियाच्या कवचात काळं तेल असतं. पूर्वी परीट त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करत, कारण ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. हेच तेल कातडीला लागलं तर कातडी काळी पडते, जळते, फोड येतात आणि माणूस सुजतो. आमच्याकडे त्याला 'बिबा उतला' म्हणतात. पण त्याच कवचाच्या आत पांढरी, चारोळीच्या थोरल्या बहिणीसारखी गोडंबी असते. हिवाळ्यात डिंकाचे लाडू खाताना मध्येच दाताखाली काहीतरी खमंग, तेलकट येतं ना, ती गोडंबी. बाजारात ती आयती मिळते, त्यामुळे ती कोणीतरी बसून, एकेक बिबा दगडानं फोडून काढलेली असते हे खाणाऱ्याच्या गावी नसतं.

आमच्या ओळखीत ते कोणीतरी म्हणजे सुभद्राबाई. पातूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला धावडदरी नावाचं गाव आहे, तिथल्या. तेव्हा पन्नाशीच्या असतील. गावच्या शाळेमागं ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची जमीन, आणि तिच्या कडेला बिब्याची चार जुनी झाडं. त्यांचे बिबे वेचायचा मान पहिल्यापासून सुभद्राबाईंच्या सासूचा, नंतर त्यांचा. मंडळाचं बिब्याचं सगळं बी याच चार झाडांचं. दर हिवाळ्यात मी जाऊन आणायचो. झाडाखाली पडलेलं बी मी चिमट्यानं उचलायचो आणि पोत्यात टाकायचो. बिबा फोडायला मी कधी हात लावला नव्हता. पण मंडळात आणि भाषणात मात्र "आम्ही बिब्यात हात घालणारी माणसं" असं म्हणायचो.

एका जानेवारीत सुभद्राबाईंचा फोन आला.

"भाऊ, झाडं तोडून राहिले."

"कोण?"

"रामदासभाऊ. उपसरपंच. म्हन्ते, शाळेतल्या पोट्ट्यायले धोका हाये. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत ठराव घेऊन राहिला. चारी झाडं."

"असं कसं? इतकी वर्षं झाडं नव्हती का?"

"झाडं होती, रामदासभाऊ उपसरपंच नव्हता," सुभद्राबाई म्हणाल्या. "झाडं गेली तं म्या काय फोडू, डोस्कं?"

मी मॅडमकडे गेलो. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि छापील मराठीत सूचना दिल्या. मी आदल्या दिवशी धावडदरीला जायचं, त्या सव्वीसला सकाळी येतील. ग्रामसभेत सुभद्राबाईंनी सर्वांसमोर बिबे फोडून दाखवायचे. नीट काळजी घेतली की काही होत नाही, एवढंच लोकांना दिसलं पाहिजे.

"आणि गुल्हाने, तुम्ही बोलायचं नाही. बाई बोलतील."

"पण मॅडम, थोडी प्रस्तावना..."

"काहून?" मॅडम म्हणाल्या. वऱ्हाडी सुरू झाली तशी मी निघालो.

पण मी प्रस्तावना तयार केलीच. जीप चालवत जाताना तीनदा म्हणूनही पाहिली. इतकंच नाही, तर मला वाटलं की सुभद्राबाईंबरोबर आपणही चार बिबे फोडले पाहिजेत. शहरातला, चष्मा लावणारा, पँट-शर्टातला माणूस बिबे फोडतो आणि त्याला काही होत नाही, यासारखा पुरावा कोणता? आणि आदल्या दिवशी त्याचा व्हिडिओ काढून मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला तर गावकऱ्यांच्याही मोबाइलवर जाईल. मी एवढा खूष झालो की धावडदरीचा फाटा मागं राहिला आणि चार किलोमीटर पुढून परत यावं लागलं.

पंचवीस तारखेची दुपार. सुभद्राबाईंच्या अंगणात दगडाचा पाटा, दुसरा मुठीत मावणारा दगड आणि सुकवलेल्या बिब्यांचं टोपलं. त्यांनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत गोडं तेल चोपडलं, वर चुलीतली राख लावली, आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"भाऊ, सारं आंग माखलं तरी चालते. पन तेल पुसू नका, नि तोंडाले हात लावू नका. नाक खाजवलं तं आपन खाजवून घेतो, बिबा थांबत नाई."

"मावशी, बावीस वर्षं झाली मला या धंद्यात." (तेव्हा चौदाच झाली होती.)

"थे पिशव्यायच्या धंद्यात," त्या म्हणाल्या.

बिबा फोडणं हे कसबाचं काम आहे. बी उभं धरायचं, दगडाचा एकच घाव, आणि तोही इतका मोजका की कवच तडकावं पण गोडंबी चेचू नये आणि तेलाची चिळकांडी आपल्या बाजूला येऊ नये. सुभद्राबाईंच्या हातात ते टक, टक असं चाललेलं. माझ्या हातात ते धाड, अरे देवा, धाड असं. पहिल्या सहा बिब्यांचा मी चटणीसारखा लगदा केला. सातव्यातून मात्र अख्खी, पांढरीशुभ्र गोडंबी निघाली.

बस्स. हा क्षण जगाला दिसलाच पाहिजे असं मला वाटलं. मोबाइल समोरच्या विटेवर टेकवून ठेवलेला होता. तेलकट, राखेनं भरलेलं बोट त्याला कळेना. मी दाबतो, तो ढिम्म. सुभद्राबाई आत पाणी प्यायला गेल्या होत्या. मी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं, मग गळ्यातल्या दुपट्ट्याला दोन्ही हात खसाखसा पुसले, व्हिडिओ सुरू केला आणि आठवा बिबा फोडला. चिळकांडी उडाली. बोटांवर. मी कॅमेऱ्याकडे पाहून हसलो, घसरलेला चष्मा वर सरकवला, कपाळावरचा घाम पुसला, ओठांवरून हात फिरवला आणि म्हणालो, "पाहा मित्रांनो, काहीही होत नाही."

हा व्हिडिओ अजून मंडळाच्या गटावर आहे. दर सव्वीस जानेवारीला कोणीतरी तो पुन्हा टाकतं.

व्हिडिओ संपल्यावर मी जरा शेताकडे जाऊन आलो. त्या भागाचा तपशील देत नाही. अंक घरात सगळे वाचतात.

सुभद्राबाई बाहेर आल्या, माझ्या हातांकडे पाहिलं, दुपट्ट्याकडे पाहिलं.

"तेल कुठी गेलं?"

"जरासं पुसलं. व्हिडिओसाठी."

आत जाऊन त्यांनी खोबऱ्याची वाटी आणली, किसणी आणली आणि खोबरं किसायला बसल्या. "कुणासाठी, मावशी?" मी विचारलं. "सकाळी समजते," त्या म्हणाल्या. मला तेव्हा काहीही होत नव्हतं, त्यामुळे मी त्यातलं निम्मं खोबरं खाल्लं.

माझा मुक्काम शाळेच्या एका खोलीत होता. सव्वीसच्या सकाळी उठलो तर उठलो की नाही तेच समजेना, कारण डोळे उघडले तरी काही दिसत नव्हतं. बोटांनी पापण्या फाकवल्यावर एक फट तयार झाली. तिच्यातून मी बाहेर उभ्या मोटारसायकलच्या आरशात पाहिलं. आरशात एक कोहळा होता. कोहळ्याला दोन चिरा आणि खाली दोन केळी लावल्यासारखे ओठ. चष्मा घालून पाहिला, कानांवर बसेना. कानही पावशेर पावशेर झाले होते. चालताना पाय फाकवून का चालावं लागत होतं, तेही सांगत नाही.

तेवढ्यात तायडे मॅडमची गाडी आली. खोबरं घेऊन आलेल्या सुभद्राबाई पुढं झाल्या. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना विचारलं, "हे कोण? पेशंट आहेत का? यांना आधी दवाखान्यात न्या. आणि आमचे गुल्हाने कुठे आहेत?"

"हेच," सुभद्राबाई म्हणाल्या.

मॅडम जवळ आल्या. वाकून पाहिलं. मी "मॅडम" म्हणायला गेलो, ते "भ्भंभ" असं बाहेर पडलं. ओठ एकमेकांना सोडायला तयार नव्हते.

"काहून लावला हात?" मॅडमची वऱ्हाडी थेट वरच्या पट्टीत सुरू झाली. "कोनं सांगतलं होतं? झाड वाचवाले आनलं का झाडावर खटला भराले? आता थो रामदास तुमालेच पुरावा म्हून उभा करते!"

त्यांचं बरोबर होतं. चार झाडं, सुभद्राबाईंच्या हातचं काम, मंडळाचं बी, सगळं त्या दिवसाच्या एका ठरावावर होतं; आणि बिबा निर्धोक आहे असं सांगायला आलेला माणूस बिब्यानंच कोहळ्यासारखा सुजला होता. मी घरी पळून जायची तयारी दाखवली, म्हणजे जीपकडे बोट दाखवलं. पण डोळ्यांची फट एवढीशी, चालवणार कोण? मॅडमचा ड्रायव्हर म्हणाला, दवाखान्यात सभा झाल्यावर नेतो, आता सारे झेंडावंदनाला निघाले. शेवटी सुभद्राबाईंनी माझ्या तोंडाला उतारा म्हणून खोबऱ्याचा चोथा थापला, वर दुपट्टा गुंडाळला (दुसरा, स्वच्छ) आणि म्हणाल्या, "मागं उभे राहा. कोनी काई विचारलं तं सर्दी हाये म्हना. म्हन्ता नाई आलं तं नुसतं शिंका."

झेंडावंदन शाळेच्या मैदानावर. मुलं रांगेत, गावकरी भोवती, मी सगळ्यांत मागं, तोंड बांधलेलं. रामदासभाऊ पहिल्या रांगेत. मी त्यांना आधी दोन-तीनदा भेटलो होतो. माणूस रुबाबदार, आणि त्यातला निम्मा रुबाब मिशीचा. पण आज मिशी नव्हती. तिच्या जागी वरच्या ओठावर फिक्या, सोललेल्या कातडीचा पट्टा होता. मला जरा नवल वाटलं, पण त्या फटीतून मला त्या दिवशी सगळंच नवलाचं दिसत होतं.

राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापकांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "मागे कोणी तोंड बांधून उभे आहेत, त्यांनी कृपया रुमाल काढावा. राष्ट्रगीत आहे."

सारं मैदान मागं वळलं. काय करणार? देशाचा प्रश्न होता. मी दुपट्टा सोडला. खोबऱ्याचा चोथा भसकन खाली पडला.

पहिलीची रांग एका सुरात किंचाळली. तिसरी-चौथी हसायला लागली. एक मुलगी रडत बाईंकडे पळाली. मुख्याध्यापक "सावधान!" म्हणाले, ते मुलांना की मला, ते कळलं नाही. मी सावधान उभा राहिलो. सुजलेल्या ओठांनी राष्ट्रगीतही म्हटलं. शेजारचे म्हातारेबुवा नंतर म्हणाले की आवाज शंखासारखा येत होता.

ग्रामसभा त्याच मैदानावर, तिथंच सतरंज्या टाकून भरली. मुलं खाऊसाठी थांबली होती. सरपंचबाई तरुण, नवीन निवडून आलेल्या. विषय निघाला तसे रामदासभाऊ उठले. त्यांना भाषण करायची गरजच नव्हती. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"पाहा! हे सायेब बिब्याचा प्रचार कराले आले. हा प्रचार! उद्या हे पोट्ट्यायचं झालं तं? तोडा चारी झाडं, घ्या ठराव!"

लोक माना डोलवू लागले. मी उठलो. माझ्याकडे चाळीस मिनिटांची प्रस्तावना होती, मुद्देसूद, तीनदा म्हणून पाहिलेली. मी तोंड उघडलं.

"भ्भंधूंभो," मी म्हणालो.

हशा झाला. मी पुन्हा प्रयत्न केला. बिबा हा आपल्या पूर्वजांचा ठेवा आहे, असं माझं पहिलं वाक्य होतं. त्यातलं "भिभा" तेवढं लोकांना कळलं. मॅडमनी डोक्याला हात लावला. मी खाली बसलो. तसंही बसणं कठीणच होतं.

मग सुभद्राबाई उठल्या. या बाईला मी कधी चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढं केले. तळवे काळपट, बोटांच्या टोकांना जुने डाग, पण कातडी धड, सूज नाही, फोड नाही.

"हे हात पाहा. माह्या सासूनं शिकवलं तवापासून बिबा फोडून राहिली. तुमच्या घरच्या बाळंतिनीच्या लाडवात कोनाची गोडंबी गेली? माहीच ना? झाड कोनाच्या घरी जाऊन कोनाले धरत नाई. मानूस झाडापाशी जाते. या भाऊले म्या सांगतलं होतं, तेल पुसू नका. यायनं पुसलं. काहून, तं मोबाइल चालत नव्हता!"

सभा पुन्हा हसली. मी मान डोलवून दुजोरा दिला, तेवढंच मला येत होतं.

"थे काई असो," रामदासभाऊ म्हणाले, "धोका तं हायेच!"

सुभद्राबाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "रामदासभाऊ, या भाऊनं मोबाइलपायी लावून घेतलं. तुमी कायच्यापायी लावलं होतं, थे सांगू काय? का वहिनी सांगन? खोबरं तं माह्याच घरून नेलं होतं तिनं."

रामदासभाऊंचा हात आपोआप वरच्या ओठाकडे गेला, जिथं मिशी नव्हती. बायकांच्या बाजूला पदराआड खसखस सुरू झाली आणि एक आवाज आला, "भाच्याच्या लग्नासाठी मिशी काळी केलती जी बिब्यानं! भल्ली काळी झालती. चार दिवसानं मिशीच राहिली नाई!"

यापुढं मिनिटभर ग्रामसभा अशी काही उरली नाही. म्हातारे मांड्या थोपटून हसत होते. मॅडम, ज्यांना मी चौदा वर्षांत कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या. रामदासभाऊ लाल झाले, पण माणूस पक्का राजकारणी. "माही गोष्ट सोडा," ते म्हणाले. "मी झाडाच्या इरोधात नाईच. सवाल पोट्ट्यायचा हाये. लहान लेकरं हायेत, समजत नाई त्यायले. उद्या हात लावतीन."

हा मुद्दा मात्र खरा होता. हसू ओसरलं. सुभद्राबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी ओठ उघडायला गेलो, तसा त्यांनी हातानंच मला थांबवलं.

सरपंचबाई मुलांकडे वळल्या. "काय रे, कोण कोण जाणार त्या झाडापाशी? बिब्याला हात कोण लावणार?"

एकही हात वर झाला नाही. सगळी मुलं माझ्याकडे पाहत होती. चौथीच्या रांगेतून एक मुलगी उठली. "आमी नाई लावत, सरपंचबाई. असं थोबाड कोनाले पायजे?"

सरपंचबाईंनी रामदासभाऊंकडे पाहिलं. रामदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. "हे ठीक हाये," ते म्हणाले. "पन पोट्टे इसरतीन. पुढच्या वर्षी नवे पोट्टे येतीन. तवा या सायबाचा फोटो काढून मोठा बोर्ड करा नि झाडाले टांगा. मंग माही हरकत नाई."

ठराव एकमतानं झाला. चारही झाडं राहतील. झाडाभोवती काट्याचं कुंपण घालायचं. बिबे फक्त सुभद्राबाईंनी वेचायचे. आणि सोबत फोटोचा बोर्ड. फोटो रामदासभाऊंनी स्वतः काढला, समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. "हसा ना जी," असंही म्हणाले. हसता येत नव्हतं. मग मला अकोल्याला दवाखान्यात नेलं. उतरायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत बायको, मंगला, मला आरशासमोर जाऊ देत नव्हती. "तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही," ती म्हणायची, "आरसा नवा आहे म्हणून."

नोकरीतलं माझं सर्वांत यशस्वी काम विचाराल तर हेच. बाकीच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्या चार झाडांच्या बियांपासून मी वर्षानुवर्षं बिब्याची रोपं केली आणि लोक ती नाव ऐकूनच परत ठेवत आले. काहींनी घेतली, तीही मी नाव बदलून सांगितलं म्हणून, आणि समजल्यावर त्यांनी ती उपटली. हे चुकीचं होतं, मला आता कळतं. दुसऱ्या गावांतली बिब्याची झाडं तुटली, तिथं माझा फोटो नव्हता. आणि गोडंबी फोडणारे हात कमी झाले, ते तर कुठल्याच बोर्डानं परत येत नाहीत. सुभद्राबाईंची मुलगी नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. तिला बिबा फोडता येतो. पण तिला त्याची गरज नाही, हे सुभद्राबाई थोड्या अभिमानानं सांगतात आणि पुढचा बिबा उचलतात.

निवृत्तीनंतर, यंदाच्या हिवाळ्यात, मी मंगलाला धावडदरी दाखवायला घेऊन गेलो. झाडं आहेत. बिब्यांनी लगडलेली. कुंपण आहे. आणि पहिल्या झाडाला बोर्डही आहे. जुना उन्हानं विटला म्हणून पंचायतीनं मध्यंतरी नवा करून घेतला, फोटो तोच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'बिब्याला हात लावू नये. लावल्यास असे होईल.' शाळा सुटलेली होती. दोन पोरं झाडापासून लांबून, वळसा घालून गेली. मी हौसेनं त्यांना म्हणालो, "हा मीच आहे बरं का." त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास न ठेवता निघून गेली.

सुभद्राबाईंच्या अंगणात आम्ही बसलो. पाटा तोच, दगड तोच, टक, टक चालू. मी मंगलाला तो सगळा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला. झाड कसं वाचवलं, त्यासाठी मी काय काय सोसलं. बराच वेळ सांगत असणार, कारण सुभद्राबाईंचं अर्धं टोपलं संपलं.

शेवटी मंगलानंच मला थांबवून त्यांना विचारलं, "मावशी, यांनी खरंच झाडं वाचवली का हो?"

"हाव, वाचवली तं," हातातला दगड न थांबवता सुभद्राबाई म्हणाल्या. "ओठ सुजले होते ना, बोलताच आलं नाई यायले. तेवढा एकच दिवस हा मानूस कामाचा निंघाला."